फुकटची जागा

थोरली सून चुंबकाच्या कारखान्यातून आली ती पांढरीफटक पडून. सासूबाई लेकीकडे कायमचं राहायला जाण्यासाठी पिशवी भरत होत्या.

"भूत पाहिलंस का गं?"

"आई, चुंबकात बारीक कण असतात, दोन कणांमध्ये पातळ थर. थराला स्वतःची ओढ नसते. साहेब म्हणाले, फुकटची जागा खातो, कमी करा. थर कमी केला, तर चुंबकाची ओढ वाढली. आज चाचणीत तो चुंबक बसवलेली मोटर तापली आणि एक कण उलटला. मध्ये अडवायला थर पुरेसा नव्हता; त्याचं बघून शेजारचा, मग सगळेच. आता त्या चुंबकाला टाचणीही चिकटत नाही."

"मग तू कशाला एवढी घाबरतेस? चुंबक काय तुझ्या बापाचा होता?"

पलीकडच्या खोलीत सासूबाईंच्या दोघा मुलांचे आवाज चढले. मागे सासूबाई दोन दिवस घरात नव्हत्या, तेव्हा धाकट्याने थोरल्यावर हातोडी उगारली होती. आत्ता त्या उठून नुसत्या मध्ये उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आले. परत येऊन त्या पिशवीचे बंद बांधू लागल्या.

"तुझाच नवरा म्हणतो, म्हातारी फुकटची जागा खाते."

सुनेने पिशवी घट्ट धरली.

"साहेबही हेच म्हणाले होते, आई."