लाल बाण

आईची उभी हयात कपड्यांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. दोष दिसला की तिथेच लाल बाण चिकटवून नग बाजूला काढायचा. मालकसुद्धा तिच्यासमोर स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपायचा. परवा तिने लेकीला विचारलं, “मला झालंय तरी काय गं? सगळंच विसरते.” प्रयोगशाळेत पेशींवर काम करणाऱ्या लेकीने तिच्याच भाषेत सांगितलं, “पेशीसुद्धा खराब प्रथिनांवर बाण लावून ती मोडून टाकते. तुझ्या मेंदूत ती उचललीच जात नाहीत. साचून चांगल्याचीही वाट लावतात.” आईला चटकन पटलं. आज सकाळी ती पिशवी भरून दारात बसली होती. कानशिलावर लाल बाण. “न्यायला गाडी कधी येते?” लेक पुढे झाली. बाण काढायला गेली, तर आईने हात धरला. “राहू दे. खराब नग चांगल्या मालात ठेवायचा नसतो. घरात तू आहेस.”