रिकामे सोळा ठोके

“मी वर जाणार नाही,” बुटांच्या नाड्या बांधता बांधता बाबांनी पुन्हा सांगितलं.

बँडमास्तर त्यांचा मुलगा. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि त्यांच्या कोटाची बटणं लावायला घेतली. बाहेर रस्त्यावर बँड रांगेत उभा होता. शिंगवाले गाल फुगवून ओठ सैल करत होते आणि मोठा ढोल वाजवणारा काका नेहमीप्रमाणे पट्टा पोटावर बसत नाही म्हणून शिंप्याच्या नावानं खडे फोडत होता.

स्पर्धेची रीत सगळ्यांना पाठ होती. प्रत्येक बँडनं वाजवत चौकाला फेरी घालायची आणि घड्याळाच्या मनोऱ्याखाली थांबायचं. मग खालचं सगळं बंद. सोळा ठोके एकट्यानं मनोऱ्यावरून कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी शिंग, वाजवायचा आणि त्याच्या शेवटच्या सुरावर बाकीच्यांनी तुटून पडायचं. कोण वाजवतंय हे परीक्षकांना कळू नये म्हणून ते बंद तंबूत बसत. लोकांनाही वरचा माणूस दिसत नसे. कठडा चांगला डोक्याइतका उंच होता, त्यावरून कॉर्नेटचं चकाकतं तोंड तेवढं डोकावायचं.

ते सोळा ठोके म्हणजे बाबा, असं अख्खं गाव धरून चालायचं. मनोऱ्याच्या घड्याळाला चावी देणं हे त्यांचं कामच होतं. आठवड्यातून एकदा ते आणि आई वर जात, चावी देत, झाडलोट करत, आणि मग वरून सूर येत. बाजारातली माणसं हातातलं माप तसंच धरून ऐकत राहत.

घरी मात्र बाबा कधी तो तुकडा वाजवत नसत. सरावालाही नाही. इतर वेळी रांगेत उभे राहून साधी साथ करत, आणि ती जागा आली की कॉर्नेट खाली धरत. गोड गोष्ट रोज खाल्ली तर तिची चव जाते, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या कलावंताचे नखरे म्हणून सगळे हसून सोडून देत. सरावात बँडमास्तर त्या जागी नुसती काठी हलवायचा, सोळा ठोके रिकामे जायचे, आणि सतराव्याला ढोल पडायचा.

स्पर्धेच्या दिवशी आई गरम पाण्याचा थर्मास घेऊन बाबांच्या मागोमाग जिना चढायची. नवऱ्याचा घसा सुकू नये म्हणून. ढोलवाला काका तिला दरवर्षी चिडवायचा, “वहिनी, एकदा तरी खाली थांबून नवऱ्याचं वाजवणं ऐका की.”

ती म्हणायची, “मला वरूनच बरं ऐकू येतं.”

या हिवाळ्यात आई गेली. तेव्हापासून मनोऱ्यावरून एकही सूर आला नव्हता. बाबा एकटेच जात, चावी देत आणि खाली येत. गावानंही समजून घेतलं. म्हाताऱ्यानं फारच मनाला लावून घेतलंय, असं म्हणत बायका डोळे पुसत.

पण स्पर्धा कोणासाठी थांबणार? बँडला सरावासाठी हॉल दिला होता तो कारखान्यानं, आणि नव्या मॅनेजरनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, की यंदा स्पर्धेची ढाल आली नाही तर हॉलचं गोदाम होईल. हॉल गेला की बँड गेला. बँडमास्तरला रात्र रात्र झोप नव्हती.

“दुसऱ्या कोणाला पाठव,” बाबा म्हणाले.

“कोणाला? तुमच्यासारखं वाजवणारा आहे का कोणी?”

बाबांनी खाली वाकून नाडी पुन्हा आवळली.

“आई असती तर तिनं ढकलत नेलं असतं तुम्हाला.”

“ती असती तर गेलोच असतो रे,” बाबा म्हणाले. त्यांनी मुलाचा हात धरला. “ऐक, मला तुला एक सांगायचंय.”

“ढाल घेऊन आल्यावर सांगा. रात्रभर ऐकतो.”

त्यानं कॉर्नेट त्यांच्या हातात दिला. बाबांनी जाता जाता स्वयंपाकघरातून थर्मास उचलला. ते पाहून बँडमास्तरला भडभडून आलं, पण जीव भांड्यात पडला. बाबा तयार झाले होते.

बँड त्या दिवशी असा चालला, की पायांचाही एकच आवाज येत होता. मनोऱ्याखाली सगळे थांबले. चौकातला गलबला विरला. बँडमास्तरनं काठी वर, कठड्याकडे रोखली आणि खाली आणली.

काही आलं नाही.

काठी सवयीनं हलत राहिली. चार ठोके, आठ ठोके. वर कॉर्नेटचं तोंड दिसेना. गर्दीतलं कोणी खोकललं. बँडमास्तर ढोलवाल्याला थांबायची खूण करणार, तोच सतरावा ठोका आला आणि ढोल पडला. त्यामागे सगळा बँड उठला, एका दमात, सरावात उठायचा तसाच. मधली सोळा ठोक्यांची पोकळी तंबूतल्या परीक्षकांनी नीट ऐकली होती.

शेवटचा सूर संपला तेव्हा टाळी वाजली नाही. काठी तिथंच टाकून बँडमास्तर मनोऱ्याकडे धावला. बाबांना काही झालं असेल या भीतीनं त्याला जिन्याच्या पायऱ्याही दिसत नव्हत्या.

बाबा धडधाकट होते. कठड्याला पाठ लावून खाली बसले होते. कॉर्नेट मांडीवर होता. शेजारी थर्मासचं झाकण पाण्यानं भरून ठेवलेलं, त्यातून अजून वाफ निघत होती.

“का नाही वाजवलंत?” त्याचा आवाज फाटला. “सगळं गेलं, बाबा. निदान फुंकून तरी बघायचं.”

बाबांनी कॉर्नेट त्याच्यापुढे धरला.

“जिना चढताना हा माझ्या हातात असायचा आणि थर्मास तिच्या,” ते म्हणाले. “वर आलं की आम्ही अदलाबदल करायचो.”