निळ्या अक्षरातल्या सीड्या

"भाभी, शटर पाडा! चंद्रपूरच्या बसमधून दोन जण उतरले, संगं पोलीस. दुकानादुकानातले कॉम्प्युटर तपासून राह्यले."

शेजारचा कॅसेटवाला जुबेर दारातूनच ओरडला आणि पळाला. त्याला आधी स्वतःचं दुकान झाकायचं होतं.

गोकुळाने शटर ओढलं. ते अर्ध्यावरच अडकलं. लेक रिंकू कडेवर. नवरा सुरेंद्र नागभीडला गेलेला, संध्याकाळशिवाय भद्रावतीत परतणार नव्हता.

सुरेंद्रच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पाच कॉम्प्युटर. टेबलावर पंधरा सीड्या, सगळ्यांवर निळ्या मार्करने त्याच्याच अक्षरात 'लिनक्स', कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव. मित्राकडून एक आणली, तिच्यावरून बाकीच्या काढल्या. शिकायला येणाऱ्या पोरांना तो त्या फुकट वाटायचा.

"फुकट कोणी काऊन देईल?" तिने विचारलं होतं.

"ज्यानं बनवलं तोच म्हणते, कॉपी करा, वाटा. तसा कागद आहे ना सोबत."

कागद इंग्रजीत, आठ पानी. बी.ए. होऊनही तिला तो अर्धाच वाचता आला. साधी गोष्ट असती तर एवढं लांबण कोणी कशाला लावलं असतं?

मागच्याच महिन्यात वरोऱ्याच्या एका क्लासवाल्याला नेलं होतं. कॉपी केलेल्या सीड्यांपायी. त्याची बायको तान्हं लेकरू घेऊन तीन दिवस ठाण्यासमोर बसली होती.

गोकुळाने सीड्या क्लासमागच्या घरातल्या न्हाणीत नेल्या आणि वरवंट्याने फोडल्या.

"मले पण!" रिंकू टाळ्या पिटत होती.

एक तुकडा अंगठ्यात घुसला. तिने चुरा तांदळाच्या पिपात दाबला, कागद स्टोव्हवर जाळला.

मग तिला सॉफ्टवेअरच्या सीडीची पेटी आठवली. दिवाळीत सुरेंद्रने एका एजंटाकडून विकत आणलेली, कंपनीचं नाव छापलेली, वर अस्सल मालाची खूण म्हणून चमचमती चंदेरी चकती. महिन्याभरापूर्वी त्याने ती कपाटावर, चादरीखाली ठेवली होती. "त्याले हात नको लावू. कोणाले दाखवू पण नको." महागाची वस्तू, तिला वाटलं होतं.

तिने ती पदराने पुसली आणि दारासमोरच्या टेबलावर उभी केली.

शटरखालून वाकून ते दोघं अन् पोलीस शिपाई आत आले. दोघांतला साहेब एकेका कॉम्प्युटरसमोर बसला. तिची नजर त्याच्या बोटांवर.

"बाई, पाचही मशीनवर लिनक्स आहे."

"मले काही माहीत नाई, साहेब."

"घाबरता कायले? हे कॉपी करायला, वाटायला मोकळंच असते. त्याचा परवानाच तसा. यात काही गुन्हा नाई."

तिने पदर अंगठ्याला गुंडाळला. अंगठा आत्ता कुठे दुखायला लागला.

साहेब उठला. दाराशी थबकला. "अन् हे?"

"आमचंच हो! नगद पैसे मोजून घेतलं यांनी." तिने स्वतःच पेटी त्याच्या हातात दिली.

त्याने चकतीवर नख फिरवलं. चंदेरी रंग नखावर आला.

"पंचनामा लिही," तो शिपायाला म्हणाला. "याच नकली पेट्या शोधत आलो आपण. नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा, बाई."