आमच्या घराण्याचा निळा

"मेंदूला नाव नसतं, बाई," असं म्हणून सरांनी बिस्कीट चहात बुडवलं.

टेबलावर मेंदूंच्या बरण्या होत्या. त्यांतूनच वाट काढत बशी त्यांच्याकडे सरकली होती. फॉर्मलिनच्या वासाने लेखिकेने रुमाल नाकाशी धरला. देशातल्या मेंदू-संशोधनाचा इतिहास लिहायचं काम तिने पत्करलं होतं ते एका ओळीसाठी. साठ वर्षांपूर्वी तिची मावशी शेजारच्या मनोरुग्णालयात तापाने गेली. या संस्थेची निळ्या रंगाने रंगवलेली पहिली काचपट्टी तिच्याच मेंदूच्या कापाची, हे खुद्द संस्थापकांनी आजोबांना सांगितलं होतं. ते नाव छापून यायला हवं होतं.

सर म्हणजे संस्थापकांचे अखेरचे हयात शिष्य. त्यांनी ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा. परदेशी पंडितांनी तोंडात बोटं घातली होती. आमच्या घराण्याने नाव काढलं ते या निळ्यावर!"

आत मज्जापेशीचं एक झाड उभं होतं. केसाहून बारीक फांदीच्या टोकापर्यंत निळा पोचलेला. जणू झाडाने तहानेने तो मुळांतून ओढून घेतला होता.

बिस्किटाचा ओला तुकडा पट्टीवर पडला. सरांनी बोटाने टिपून तो चाटला.

तिने मान फिरवली. "आई सांगायची, शेवटचं पाहिलं तेव्हा मावशीचे ओठ निळे होते. वॉर्डात गारठा फार, असं डॉक्टर म्हणाले."

"गारठा असायचाच."

"मावशीचं नाव छापू द्या, सर. नाहीतर हस्तलिखित विसरा."

सर खो-खो हसले. "अगदी मावशीवर गेलात! तीही अशीच हट्टी. बरं, छापा. पण मग आमच्या गुरूंचं कसबही छापा. लोक म्हणतात, रंगाची गुप्त कृती होती. शुद्ध थापा!"

तिने वही उघडून मावशीचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांनी ते कुणीतरी कागदावर लिहीत होतं. डोळे भरून आले.

"मग रंग कुठला होता?"

"बाजारातला. दंडात टोचायचा. बाकीचे संशोधकही तोच वापरत."

"मग त्यांच्या पट्ट्या कोऱ्या का राहिल्या?"

सरांनी बशीतला गाळ भुरकला.

"ते माणूस मरायची वाट बघत बसायचे."