जहाजावरून आलेले बाबा

दत्तप्रसाद वरणभात कालवून बसला होता, पण अडीच वर्षांची कावेरी तोंड उघडायला तयार नव्हती. जहाजावरची नोकरी सोडून तो कालच देवगडला परतला होता. ती जन्मल्यापासून त्याचाच चेहरा आणि त्याचाच आवाज असलेलं यंत्र तिला भरवत होतं, झोपवत होतं. बाप जवळ नसला तर लेकराचं काय होतं, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ते दिलं होतं, आणि मध्ये एकदा बिघडल्यावर बदलूनही दिलं होतं. बायकोला तेवढाच हातभार म्हणून, अभ्यास संपेपर्यंत घरी न येण्याची अट त्याने मान्य केली होती. काल संस्थेने यंत्र परत नेलं. कावेरीला ही अदलाबदल कोणी सांगितली नव्हती.

संस्थेच्या शेवडेबाई कोपऱ्यात बसून दोघांकडे बघत होत्या.

"हा घास काऊचा," दत्तप्रसाद म्हणाला. कावेरीने त्याचा हात झटकला आणि भात सांडला.

"अगं, खा म्हणतो ना!" तो ओरडला.

कावेरी रडली नाही. तिने त्याच्या घामेजलेल्या कपाळाला बोट लावून पाहिलं आणि ती आईकडे गेली.

"आई, बाबा बिघडले. मागे आणले तसे नवे आण."

दत्तप्रसादने बायकोकडे पाहिलं. सुलभा हसेल, पोरीला समजावेल, निदान रागावेल तरी, असं त्याला वाटलं. सुलभाने लेकीला कडेवर घेतलं आणि शेवडेबाईंना हळूच विचारलं,

"अजून मिळेल का हो ते?"