अलिप्त निरीक्षक

नारायणने प्रबंधाचे चौथे प्रकरण उघडले आणि चावडीवर एकवार नजर फिरवली.

तिसऱ्या प्रकरणापर्यंत चावडी नुसती हसत होती. प्रबंधातल्या खेड्याला त्याने नाव दिले नव्हते, नुसते 'क्ष' म्हटले होते. पंगतीला तीन आवतणे दिल्याशिवाय क्ष गावचे लोक उठत नाहीत, हे ऐकून मंडळी खूश झाली होती. "हे त त्या नदीपलीकडल्याईचं लेहलं पोरानं!" असा निकालही लागून गेला होता. क्ष म्हणजे हेच गाव, हे फक्त नारायणला ठाऊक होते.

मूळ प्रबंध इंग्रजीत होता. नारायण तो वाचता वाचता मराठीत सांगत होता. मराठी अर्थात नागपूरला शिकलेली, कडक इस्त्रीची. तीन वर्षांत त्याने जिभेवरचे वऱ्हाड घासून काढले होते. साडेतीनशे पानांत 'मी' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. "संशोधकाने अलिप्त राहावे, आपण काचेच्या पलीकडे आहोत असे समजावे," असे प्राध्यापक म्हणत, आणि नारायण इतका अलिप्त झाला होता की स्वतःच्या आईचा उल्लेख त्याने 'एक प्रौढ स्त्री' असा केला होता. प्राध्यापकांना ते फार आवडले. फक्त त्यांची एक अट होती. त्या मुलखातल्या एखाद्या जाणत्या पाटलाने सगळे ऐकावे आणि 'वर्णन खरे आहे' म्हणून सही द्यावी. सही नाही, तर प्रबंध नाही. त्यांनी परस्पर पाटलांना पत्रही धाडले होते, आणि पाटलांनी दवंडी देऊन सगळे गाव गोळा केले होते.

पाटील म्हणजे किसनराव. ते मधोमध बसले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर, तोंड भिंतीकडे करून, नारायणचे वडील उकंडराव बसले होते. या दोन घरांचा एकमेकांशी शब्द अकरा वर्षे बंद होता. अगदीच अडले तर पाटील म्हणत, "पुंजाजी, उकंडरावले म्हना, तुमचा गोऱ्हा आमच्या तुरीत हाय." उकंडराव ते स्वतःच्या कानांनी ऐकत आणि भिंतीला सांगत, "पुंजाजी, पाटलाले म्हना, हाकलून द्या." मध्ये बसलेले पुंजाजी कोतवाल दोन्ही वाक्ये जशीच्या तशी पुन्हा म्हणत. अकरा वर्षांत बिचाऱ्यांना स्वतःचे काही बोलायला फुरसतच मिळाली नव्हती.

आणि चौथे प्रकरण नेमके याच भांडणावर होते.

नारायणने डोळे मिटले, उघडले आणि वाचले, "सदर ग्रामातील दोन प्रतिष्ठित भूधारक अकरा वर्षांपासून परस्परसंभाषण टाळीत आहेत. विवादाचे कारण क्षुल्लक आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून प्रथम कोणाच्या बैलजोडीने जावे, हे ते होय."

चावडीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. नारायणला वाटले, संपले सगळे. सही गेली, पदवी गेली, आता फक्त अंगावरचे कपडे सलामत राहोत.

पण पाटलांना ओळख पटली नाही. कशी पटणार? त्यांच्या मते त्यांचे भांडण बैलांचे नव्हतेच, मानाचे होते. उकंडरावांचेही मत तेच होते. अकरा वर्षांत या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत होते, पण ते एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

पाटलांच्या पोटात आधी गुदगुल्या झाल्या, मग ते गदगदा हसू लागले. हसता हसता वळून म्हणाले, "ऐकलं का उकंडराव? अकरा वर्सं! बैलापायी!"

"कायचे येडे लोकं म्हनावं हे, पाटील!" उकंडराव डोळे पुसत म्हणाले.

पुंजाजी निरोप पोचवायला तोंड उघडून बसले होते. ते तसेच उघडे राहिले.

मग दोघांचेही हसू हळूहळू थांबले. पाटलांनी उकंडरावांकडे पाहिले, उकंडरावांनी पाटलांकडे. मागे कोणाला तरी ठसका लागला. शेवटी पाटलांनी आपली पानाची चंची काढली आणि उकंडरावांपुढे सरकवली. उकंडरावांनी पान घेतले. त्याला चुना लावला. अकरा पोळे वाया गेले, असे काहीतरी ते पुटपुटले, आणि नारायणला भरून आले.

"इकडं आन तो कागद," पाटील म्हणाले. "खरं ते खरं. अगदी आम्हीच हाओ ते येडे. सांग बाप्पा, कुठं करू सही?"

तीन वर्षांची मेहनत त्या टाकाच्या टोकावर आली होती. सगळी चावडी नारायणकडे पाहू लागली. नारायणने कागद पुढे केला, घसा खाकरला आणि मान भिंतीकडे वळवली.

"पुंजाजी," तो म्हणाला, "पाटलाले म्हना, खाली, उजव्या हाताले."