दोन मिनिटं चाळीस सेकंद

दोन वाजायला चार मिनिटं होती. कामतघरच्या त्या खोलीत पंखा थांबलेला, आणि संघरत्ना नवऱ्याचं, रवींद्रचं, मनगटी घड्याळ हातात धरून बंद कॉम्प्युटरसमोर बसली होती. दोनला लोडशेडिंग संपलं की वीज येणार. त्याच वेळी तिकडे मस्कतला साडेबारा वाजणार, साहेब जेवायला उठणार आणि रवींद्रला साइटवरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर घरच्यांशी बोलायला पंधरा मिनिटं मिळणार.

त्या पंधरांतली दोन मिनिटं चाळीस सेकंद इकडची मशीन उठण्यातच जायची. कॅलेंडरवर, लेक उन्नतीच्या लशींच्या तारखांखाली, संघरत्नाने रोजचा आकडा लिहून ठेवला होता. २:४०. २:४२. २:३९.

"त्यापेक्षा कापडाचा लूम बरा बाई," सासूबाई, कलावती, दारातून म्हणाल्या. "लाइट आली का खटाखट चालू. तुझ्या मशिनीला पयली आंघोळ, मंग च्या, मंग नाश्टा."

"आज नाश्ता बंद केलाय, आई."

म्हणाली खरी, आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

सुरू होताना कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीचं कुठलं काम किती वेळ खातं, त्याचा आलेख काढून देणारा एक प्रोग्राम तिने काल संध्याकाळी चालवला होता. आडव्या पट्ट्या उमटल्या. बहुतेक सगळ्या नखाएवढ्या. एकच पट्टी मिनिटभर लांब, आणि त्या मिनिटात मशीन काही करतच नव्हती. नुसती वाट बघत होती. कुणाची, ते सुरुवातीच्या सूचनांची फाइल उघडल्यावर कळलं. पुढच्या खोलीत रवींद्रचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या दुसऱ्या कॉम्प्युटरची. दुकान बंद होऊन वर्ष झालं, तो कॉम्प्युटरही गेला. पण सुरू होताना आधी त्याला शोध, अशी ओळ रवींद्रने स्वतः लिहिलेली, आणि ही बिचारी अजून रोज मिनिटभर हाका मारून बघत होती.

संघरत्नाने ती ओळ पुसली नाही. तिच्या आधी फक्त हॅशचं चिन्ह टाकलं. ते चिन्ह असलं की मशीन ओळ वाचत नाही, काढलं की पुन्हा वाचते. रवींद्र आल्यावर, दुकान उघडल्यावर, काढता येईल.

"त्या फाइलला हात लावू नकोस हं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मशीन उठायचीच नाही," असं त्याने जाताना बजावलं होतं. त्याला न विचारता तिने हात लावला होता, तोही आज सकाळी वीज जायच्या तोंडावर; मशीन पुन्हा सुरू करून बघायला वेळच उरला नव्हता. चुकलं असेल तर एका मिनिटापायी आजची पंधराच्या पंधरा गेली.

पण ते मिनिट तिला हवंच होतं. अडीच वर्षांची उन्नती पडद्यावर बाप दिसला की आजीच्या पदराआड जायची. मग हळूच एक डोळा बाहेर. मग दोन. जवळ येईयेईतो तिकडे साहेब परत यायचे. गेल्या आठवड्यात शेजारच्या दामूभाऊंना पोरीने "बाबा" म्हणून हाक मारली. सगळे हसले. संघरत्नाही हसली होती.

पंखा फिरला.

तिने बटण दाबलं आणि घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. काळ्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. रोज जिथं सगळं अडायचं ती जागा आली, आणि गेली. इतकी गुपचूप, की बंद दुकानावरून मान खाली घालून पुढे निघून आल्यासारखं तिला वाटलं.

"एक अडतीस!"

"म्हंजी चांगलं का वाईट?"

"चांगलं, आई. उन्नतीला आणा."

"आगं, ती जेवतेय. हात खरकटं हायेत."

"असू देत. तशीच आणा."

रवींद्र दिसला. कपाळावर हेल्मेटचा वळ, केस घामाने चिकटलेले.

"आज लवकर कशी काय?"

"आली लवकर," ती म्हणाली. ओळीचं बोलली नाही. "अहो, तुम्ही बारीक दिसताय."

"कॅमेरा तसा आहे."

"पोटाला खा म्हनावं," मागून कलावती ओरडल्या. "कॅमेरा काय जेवत न्हाय त्याच्या वाटचं."

मग ताप उतरला का, खोकला कसाय, लस कधी, सगळं झालं. उन्नती ताटली घेऊन आजीच्या पाठीमागे उभी. एक डोळा. बऱ्याच वेळाने दोन. संघरत्ना रवींद्रशी बोलत होती आणि नजर घड्याळावर होती. दोन बारा. दोन तेरा. पदर सुटला. दोन चौदाला पोर पडद्यापुढे येऊन उभी राहिली.

रवींद्र वाक्य अर्धंच टाकून बसून राहिला. खांद्यावर पाखरू बसलेला माणूस बसेल तसा, न हलता.

उन्नतीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग ताटलीतला वरणभाताचा घास उचलला आणि पडद्यासमोर धरला.

"आऽ कर."

"आगं, काचंला लागंल..." कलावती पुढे झाल्या.

"लागू दे, आई."

रवींद्रने तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली, आणि चित्र तिथंच अडकलं. आवाज गेला. उघड्या तोंडाचा रवींद्र पडद्यावर तसाच राहिला.

"घे ना," उन्नती म्हणाली.

वरण तिच्या बोटांतून मनगटावर आलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने हात खाली घेतला नाही.